लहान महाविद्यालयात मदत कोणाकडे आणि कशी मागावी

चारपाचशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात समुपदेशन, शिष्यवृत्ती, तक्रार निवारण अशा वेगवेगळ्या पाट्यांच्या खोल्या नसतात. मराठी शिकवणाऱ्या मॅडमच विद्यार्थी विकास अधिकारी असतात, ग्रंथपाल ‘कमवा आणि शिका’ योजनेची हजेरी ठेवतात आणि शिष्यवृत्तीचे सगळे काम एकाच लिपिकाच्या टेबलावर साचते. म्हणून प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माहितीपत्रकातील आणि सूचना फलकावरील समित्यांची यादी शांतपणे वाचावी व कोणते काम कोणाकडे आहे ते वहीत उतरवून घ्यावे. पुण्यात एका लहान महाविद्यालयात विद्यार्थी विकासाचे काम पाहताना मला सतत जाणवले, की मुले मदतीला पात्र असतात, पण विचारायला उशिरा येतात.

सर्वांत जास्त नुकसान शिष्यवृत्तीत होते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजू नये. तो आधी महाविद्यालयाच्या आणि नंतर संबंधित विभागाच्या लॉगिनमध्ये तपासला जातो, आणि त्रुटी निघाल्यास परत विद्यार्थ्याकडे येतो. परत आलेला अर्ज आपण लॉगिन उघडल्याशिवाय दिसेलच असे नाही, म्हणून दर आठवड्याला तो पाहावा. दुसरी अडचण बँक खात्याची. वेल्ह्याकडची एक विद्यार्थिनी पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड हातात घेऊन दोन महिने खिडकीशी येत होती. कागद सगळे बरोबर होते, पण तिचे आधार गावाकडच्या एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले होते आणि शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. अर्ज भरण्यापूर्वी ‘माय आधार’ संकेतस्थळावर आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते तपासले असते, तर तिचे हेलपाटे वाचले असते. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीपूर्वीच काढावा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे. अडीच लाखांची मर्यादा ऐकून अनेक पालक अर्जच करत नाहीत, पण ती अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आहे. आणि हो, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो.

राहण्याच्या खर्चासाठी, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेकडे पाहावे; पुण्यासाठी तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये ठरवण्यात आली होती. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना 1955 पासून आधार देणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांचीही चौकशी करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा कार्यालयात नोंदी करणे अशा कामाचा मोबदला तासांवर मिळतो. तिच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे सूचना लागताच अर्ज द्यावा.

कोणतीही मागणी किंवा तक्रार तोंडी करून थांबू नये. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवावी. ही पोच मागताना मुलांना संकोच वाटतो, लिपिकाला राग येईल अशी भीती वाटते. पण पोच मागणे हा अविश्वास नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. हे दिवस मोजायला पोचेवरची तारीखच उपयोगी पडते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी द्यावी. लिहिणे जमत नसेल तर समितीनेच लिहून घेण्यास मदत केली पाहिजे. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

मनावरच्या ताणाबद्दल मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते. लहान महाविद्यालयात सगळे सगळ्यांना ओळखतात. याच ओळखीमुळे सलग चार दिवस न आलेल्या मुलाची विचारपूस होते, पण तिच्यामुळेच शिक्षककक्षात जाऊन रडवेल्या आवाजात काही सांगणे अवघडही होते. अशा वेळी शिक्षकांना ‘मला एकांतात बोलायचे आहे’ एवढाच निरोप पाठवला तरी चालतो. तेही नको वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर सकाळची वाट न पाहता लगेच फोन करावा आणि खोलीतल्या मित्राला किंवा मैत्रिणीला जवळ बसवून घ्यावे.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी लेखनिकाची आणि दर तासाला 20 मिनिटे या हिशेबाने मिळणाऱ्या जादा वेळेची मागणी परीक्षेचा अर्ज भरतानाच, प्रमाणपत्राची प्रत जोडून, परीक्षा विभागाकडे लेखी द्यावी. लेखनिक शोधायला वेळ लागतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तो सहसा मिळत नाही.