जुन्या गाडीचा हेडलाइट येतो-जातो? बल्ब घ्यायला धावण्याआधी या चुका टाळा

जुन्या गाडीचा हेडलाइट येऊन-जाऊन राहिला म्हटलं की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं, नवा बल्ब. त्याने भागलं नाही तर आणखी महाग बल्ब. अरे भाऊ, उडालेला बल्ब परत पेटत नाही! तुटलेली फिलामेंट गचक्याने पुन्हा चिकटल्याची उदाहरणं आहेत, पण क्वचित, आणि ती चिकटलेली फार टिकतही नाही. जो लाइट खड्ड्यात जातो आणि बॉनेटवर थाप मारली की येतो, त्याचं दुखणं बल्बच्या बाहेर असतं. अर्थिंग, होल्डर, डिपरचा स्विच (डिपर म्हणजे खालचा, जवळचा उजेड, अप्पर म्हणजे लांबचा), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), नाहीतर आवरणाच्या आत तुटलेली वायर.

एक गेला की दोन्ही, हे न बघता पाना उचलणं

एकच बाजू जात असेल तर त्याच बाजूचा होल्डर, अर्थ आणि फ्यूज बघा. दोन्ही लाइट एकाच क्षणी जात असतील तर दोन बल्ब ठरवून एकत्र बिघडत नाहीत, तेव्हा दोघांना सामायिक असलेल्या ठिकाणी जा. म्हणजे स्विच, रिले, बॅटरीकडून येणारी मुख्य वायर. डिपर जातो पण अप्पर लागतो, तर डिपरच्या स्विचचा कॉन्टॅक्ट. (जुन्या अ‍ॅम्बेसेडरला हा स्विच पायाशी असायचा. पावसाळ्यात चपलांचा सगळा चिखल त्याच्यावर.) हॉर्नसुद्धा त्याच वेळी बसतो, तर आधी बॅटरीचे टर्मिनल. आयडलला लाइट पिवळा आणि रेस दिली की पांढरा, तर अल्टरनेटरचा पट्टा आणि चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आणि तुम्ही घातलेला प्रत्येक नवा बल्ब तो खाणार.

एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. पण पोरांना दोन मिनिटं नसतात, रविवारचा अख्खा दिवस मात्र असतो.

बिघाड हजर नसताना बिघाड शोधणं

सकाळी अकराला गॅरेजमध्ये गाडी उभी करायची, लाइट लावून बघायचे, दोन्ही झकास. "ठीक तो है साब." ठीक असणारच. रात्री नागपूरच्या उमरेड रोडवर अर्धा तास चालल्यावर जाणारा लाइट थंड गाडीत, सपाट जमिनीवर कशाला जाईल? खराब जोड करंटने तापतो, तापला की आणखी सैल होतो, लाइट जातो. थंड झाला की परत येतो. म्हणजे त्याला तापू द्यायला हवं.

माझी पद्धत अशी. अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करतो, इंजिन चालू, डिपर चालू, आणि वीस-पंचवीस मिनिटं काही करत नाही. हेच लोकांना जमत नाही. मग एकेक होल्डर हलवतो, वायरचा जुडगा मुठीत धरून हळूच वाकवतो, रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारतो, स्टिअरिंग खालीवर करतो, डिपरची दांडी अर्धवट ओढून बघतो. भिंतीवरचा उजेड ज्या क्षणी हलेल, त्या क्षणी हात जिथे असेल तिथेच खोट. होल्डर आणि स्टिअरिंगखालच्या कव्हरला हात लावूनही बघा. नुसतं कोमट चालेल, पण चटका बसत असेल तर आत प्लास्टिक वितळायला लागलेलं आहे. पावसातच जात असेल तर कनेक्टरवर स्प्रे बाटलीने पाणी मारा, जुलैची वाट कशाला बघायची?

आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कागद ठेवा. लाइट कधी गेला, गचका होता का, वळण होतं का, ब्रेक दाबला होता का. गिऱ्हाईक असा कागद घेऊन आलं की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. आतापर्यंत फार कमी आले.

मीटर लावला, पण कुठे?

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

धंतोलीतले एक ओळखीचे काका, त्यांची प्रीमियर पद्मिनी. (आपण सगळे तिला फियाटच म्हणतो.) डावा लाइट मधेच मंद व्हायचा. बल्ब झाला, होल्डर झाला, आणि मग निदान निघालं, पूर्ण वायरिंग नवीन टाका. काका वैतागून म्हणाले, "अरे, त्यानं माझ्यासमोर मीटर लावला. बारा व्होल्ट पूरे आ रहे म्हणाला. मग लाइट का नाही लागत?"

मीटर खरंच सांगत होता. पण तो लावला कसा होता? होल्डर बल्बवरून काढून, लाल पिन होल्डरमध्ये आणि काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसला. इथे एकदम दोन घोटाळे. पहिला, बल्ब जोडलेला नाही म्हणजे करंट वाहतच नाही. बंद तोटीमागे पाण्याचं प्रेशर पूर्ण असतं, पाइप आतून किती चोंदलाय ते तोटी उघडल्यावर कळतं. वायरीत तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी मीटर आरामात १२ दाखवतो. ५५ वॅटचा बल्ब जवळजवळ साडेचार अँपिअर मागतो, तेव्हा त्या तारेचा जीव कळतो. दुसरा घोटाळा, काळी पिन बॅटरीला लावल्यामुळे बल्बची स्वतःची अर्थ तपासलीच गेली नाही. जिथे खोट, तेवढाच भाग वगळून तपासणी.

काकांना म्हटलं, गाडी संध्याकाळी आणा. डिपर लावून ठेवला. थोड्या वेळाने डावा लाइट लालसर पडला आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अगदी मंद पेटला. डिपरवर असताना निळा दिवा! हे दिसलं की मी बल्बाकडे बघतसुद्धा नाही. अर्थ तुटली की करंट डिपरच्या फिलामेंटमधून त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि उलट्या वाटेने उजव्या लाइटच्या अप्परमधून अर्थ गाठतो. तीन फिलामेंट एका ओळीत, कुणालाच पुरेसं मिळत नाही. मग होल्डर बल्बवर असतानाच मागून अर्थच्या पिनेला लाल आणि बॅटरीच्या मायनसला काळी पिन लावली. तिथे जवळजवळ शून्य हवं, मीटरने सात-आठ व्होल्ट दाखवले.

कारण काय तर दिवाळीआधी केलेलं डेंटिंग-पेंटिंग. अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नव्या रंगावरच स्क्रूने आवळलं होतं. पत्र्याला टेकत होते फक्त स्क्रूचे आटे. रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळलं, वरून पेट्रोलियम जेली. वायरिंगला हात लावला नाही. बदललेले "खराब" बल्ब काकांनी डब्यात जपून ठेवले होते, सगळे चालू निघाले.

एक सांभाळा. सगळ्या गाड्यांत हे असंच नसतं. काही जपानी वंशाच्या गाड्यांत होल्डरच्या सामायिक पिनवर प्लस येतो आणि स्विच मायनसच्या बाजूला असतो. आधी पिना ओळखा, मग निष्कर्ष काढा.

खरं तर मी मीटरच्याही आधी टेस्ट लॅम्प उचलतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी डाख देऊन जोडलेल्या. तो करंट मागतो, त्यामुळे त्याला फसवता येत नाही.

फ्यूज वाढवणं आणि १००/९० चे बल्ब

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त आग विझवायचं सिलिंडर गाडीत ठेवा म्हणतो. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. लालच्या जागी हिरवा म्हणजे आता फ्यूजऐवजी वायर जळणार. पद्मिनीच्या काळातल्या लांबट फ्यूजच्या टोकांवर गंज धरतो. बोटाने फिरवल्यावर लाइट आला तर क्लिप घासा आणि फ्यूज नवीन घाला, फिरवून सोडून देऊ नका.

साध्या ६०/५५ वॅटच्या (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) जागी १००/९० घातले की डिपरवरच दोन्ही मिळून १५ अँपिअर. ज्या जुन्या गाडीत हा सगळा करंट रिलेशिवाय स्टिअरिंगच्या स्विचमधून जातो, तिथे होल्डर तपकिरी होतात, स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात आणि मग लाइट येऊ-जाऊ लागतात. उजेड हवाय ना? साधेच बल्ब ठेवा, डिपर-अप्परला वेगवेगळे रिले लावा, बॅटरीपासून जाड वायर आणा, तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो, म्हणून रिले लावताच जुने बल्बही वेगळे वाटतात. अर्थ मात्र आधी नीट करा.

बाकीच्या

काळी टेप. नागपूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली तिचा गोंद पाझरतो आणि जोड उघडा पडतो. डाख द्या, वर श्रिंक स्लीव्ह चढवा.

हॅलोजनच्या काचेला बोट लावणं. लागलंच तर स्पिरिटने पुसून टाका.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी. खोट तशीच राहते, वरून समोरच्याचे डोळे दिपतात.

सगळे कनेक्टर एकदम काढून साफ करणं. लाइट सुरू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही. एका वेळी एकच.

उंदीर. गाडी आठ-पंधरा दिवस उभी असेल तर वायरचा जुडगा खालच्या बाजूनेही बघा, कुरतडलेलं वरून दिसत नाही. आणि हे सगळं होईपर्यंत मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून रात्री गाडी काढू नका. काकांनाही मी तेच सांगितलं होतं, ते ऐकत नाहीत.