तणनाशकाच्या जमिनीत देशी झाडं लावण्याआधी

तणनाशक मुरलेल्या जमिनीत देशी झाडं लावायची, ती मुळांनी ते विष शोषून माती साफ करतील म्हणून. पण आधी तणनाशकाचं नाव शोधा. ‘तणनाशक मारलं होतं’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. जुन्या पावत्या, कोपऱ्यात पडलेले डबे, फवारणाऱ्या माणसाची आठवण, मिळेल तिथून घटकाचं नाव काढा. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ॲट्राझिन पाण्याबरोबर मुळांतून वर चढतं. पॉपलरचं झाड ते शोषून अंगात मोडतं, हे अमेरिकेत १९९०च्या दशकात दिसलं आहे. टेब्युथायुरॉन कोरड्या प्रदेशात वर्ष उलटलं तरी निम्मंही कमी होत नाही. पॅराक्वाट चिकणमातीला असं घट्ट बसतं की मुळांच्या हाती जवळपास काही लागत नाही; तिथे या कामासाठी झाडं लावूच नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जमिनीचा एक तुकडा झाडांविना मोकळा सोडा. माती तीच, उतार तोच, फवारणीही तेवढीच झालेला. तणनाशक जिवाणूंमुळे आणि पाण्यामुळे आपोआपही मोडत असतं. सगळीकडे झाडं लावली की पुढे माती सुधारलेली दिसते, पण ती झाडांनी सुधारली की नुसत्या काळाने, हे कुणालाच सांगता येत नाही. खड्डे खणून झाल्यावर असा तुकडा मागाहून तयार करता येत नाही. कडेचा खडकाळ, उरलासुरला कोपराही चालणार नाही. नकाशावर आधी मोकळा तुकडा आखा, मग झाडं.

मातीचे नमुने दर १५ सेंटिमीटरला वेगळे घ्या, मोकळ्या तुकड्यातूनही. ते थंड ठेवा आणि लवकर पोहोचवा. उबेत पिशवीतल्या पिशवीतही तणनाशक मोडत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्रयोगशाळेला घटकाचं नाव सांगा. नेहमीच्या माती परीक्षणात तणनाशक दिसत नाही.

कुंडीतली चाचणी चुकवू नका. तुमची माती एका कुंडीत, जवळचीच न फवारलेली दुसरीत, दोन्हींत काकडी किंवा घेवडा. घाई करू नका. ॲट्राझिन असेल तर रोप झकास उगवतं, पहिली पानं हिरवीगार येतात, आणि बियातला साठा संपला की खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. तीन-चार आठवडे थांबा. पिक्लोरामसारखं काही असेल तर घेवड्याची कोवळी पानं वाटीसारखी वळतात.

झाड देशी आहे म्हणून विष सोसेलच असं नाही. त्या प्रदेशातल्या आठ-दहा जातींची रोपं आधी याच मातीच्या कुंड्यांत लावून बघा. तगतील त्याच घ्या, आणि एकाच जातीवर भिस्त ठेवू नका. खड्ड्यात कोळशाची भुकटी टाकायचा सल्ला कुणी देईल. तिने रोप वाचतं, पण ती तणनाशक धरून ठेवते, मग झाडाने शोषायचं काय? ॲट्राझिनच्या जमिनीत युरियाही नको: काही जिवाणू नायट्रोजनसाठीच ॲट्राझिन फोडतात, आयता नायट्रोजन मिळाला की त्यांचं ते काम मंदावतं. आणि यातलं जे काही मोकळ्या तुकड्यात करणार नाही, ते झाडांच्या बाजूलाही करू नका, नाहीतर तुलना गेली.

वरच्या अंगाच्या शेतात फवारणी चालू असेल तर आधी चर खणून ते पाणी वळवा, नाहीतर सगळं फुकट.

कुंपण, आळी, पाणी: नेहमीचंच. तण दोन्हीकडे हातानेच उपटा. गुरं आत नकोत. पाचोळा बाहेरच्या खताच्या ढिगात नको. पिक्लोराम, क्लोपिरॅलिड ही मंडळी कंपोस्टमध्येही टिकतात.

पुढे दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, दोन्हीकडून नमुने. मोकळ्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवर पक्क्या खुंट्या ठोका आणि पाटी लावा, नाहीतर उरलेली रोपं कुणीतरी हौसेने तिथेच लावून टाकेल.