डायनासोरच्या पाऊलखुणा वाचताना या चुका टाळा

१८०२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्लायनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला नांगरताना तीन बोटांचे ठसे उमटलेला दगड सापडला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘नोहाचा कावळा’, बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीवरून. पुढे १८३६ मध्ये भूशास्त्रज्ञ एडवर्ड हिचकॉक यांनी तिथल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या अशाच ठशांचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ते अजस्र पक्ष्यांचे असल्याचं जाहीर केलं. ‘डायनासोर’ हा शब्दच १८४२ चा, आणि हे प्राणी दोन पायांवर चालत असतील ही कल्पना त्याच्याही नंतरची. शिवाय पक्षी निघाले डायनासोरांचेच वंशज! त्यामुळे हिचकॉक चुकले तेही जवळपास बरोबर येऊन. आपण करतो त्या चुका इतक्या देखण्या नसतात.

त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं. ठसा म्हणजे पायाचा फोटो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाय, तो टाकण्याची ढब आणि त्या घटकेला चिखल किती ओला होता, या तिघांनी मिळून ठसा घडतो. यातला एक जरी विसरला तरी माग भलतीकडे नेतो.

ठशाला थेट प्राण्याचं नाव चिकटवणं

‘युब्रॉन्टेस नावाचा डायनासोर इथून गेला’ अशी वाक्यं सर्रास वाचायला मिळतात. युब्रॉन्टेस, ग्रॅलेटर ही नावं ठशांच्या आकारांची आहेत, प्राण्यांची नाहीत. एकच प्राणी घट्ट चिखलातून गेला तर एका आकाराचा ठसा सोडेल आणि राडीतून गेला तर दुसऱ्या, म्हणून ही नावं वेगळी ठेवलेली बरी. ठशावरून सहसा गटापर्यंतच पोचता येतं. निमुळती, नखी असलेली तीन बोटं आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त असेल, तर मांसाहारी थेरोपॉड. जाड, बोथट बोटं आणि ऐसपैस ठसा असेल, तर शाकाहारी ऑर्निथोपॉड. मागच्या पायाचा मोठा गोलसर ठसा आणि त्याच्यापुढे पुढच्या पायाचा चंद्रकोरीसारखा ठसा दिसला, तर लांब मानेचा सॉरोपॉड.

यातही फसगत होतेच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या लार्क क्वारी इथे सुमारे ३,३०० ठसे आहेत. १९८४ मध्ये त्यांचा अर्थ असा लावला गेला की एक मोठा शिकारी आला आणि छोट्या डायनासोरांची पळापळ झाली. गोष्ट इतकी चित्तथरारक होती की ती जगभर पोचली. २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या मोठ्या ठशांची मापं पुन्हा घेतली आणि तो ‘शिकारी’ बहुधा शाकाहारी ऑर्निथोपॉड होता असं मांडलं. दोन वर्षांनी त्यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं, की छोट्यांपैकी बरेच जण पळत नव्हते, पाण्यातून पोहत किंवा पाय टेकत जात होते, आणि तेही सगळे एकाच वेळी नव्हे. पहिल्या गटाला हे मान्य नाही. म्हणजे बोटं बोथट की टोकदार, एवढ्या प्रश्नावर अख्खं नाट्य उभं राहतं किंवा कोसळतं.

बिघडलेले ठसे टाकून देणं

स्वच्छ, रेखीव ठशावर सगळ्यांचा डोळा असतो. पण ग्रीनलंडमधल्या ट्रायासिक, म्हणजे सुरुवातीच्या डायनासोरांच्या काळातल्या खोल चिखलातल्या ओबडधोबड ठशांनी जे सांगितलं ते रेखीव ठसा सांगूच शकला नसता. पाय आत जाताना बोटं फाकलेली होती आणि वर उपसताना मिटलेली. चिखलाने पायाचा तळवाच नव्हे, त्याची हालचालही टिपली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जिवंत गिनी फाउल पक्ष्यांना चिखलातून चालवून तुलना केली होती. मला तर अशा गबाळ्या ठशांचंच जास्त अप्रूप वाटतं.

सापडला तोच थर म्हणजे तेव्हाची जमीन, असं समजणं

वहीच्या पानावर जोर देऊन लिहिलं की खालच्या दोन-तीन पानांवरही अक्षरं उमटतात. टनावारी वजनाचा प्राणी थरांच्या गाळावर पाय देतो तेव्हा हेच होतं. खडक फुटून आपल्यासमोर येतो तो कधी कधी वरचा थर नसतोच, खालचं ‘पान’ असतं. तिथे ठसा उथळ दिसतो, नख्या बुजलेल्या असतात, कडा गोलावलेल्या असतात.

या एका दुर्लक्षातून सॉरोपॉड पाण्यात पोहू लागले! टेक्सासमध्ये जीवाश्म शोधणाऱ्या रोलंड बर्ड यांना १९४० च्या दशकात असा माग मिळाला ज्यात जवळजवळ फक्त पुढच्या पायांचे ठसे होते. निष्कर्ष निघाला की प्राणी तरंगत होता आणि पुढच्या पायांनी तळ ढकलत होता. पुढे साधी शंका निघाली. पुढचे पंजे लहान असतात. त्यांच्यावर येणारं वजन त्या छोट्या तळव्यात एकवटलं, तर दाब मागच्या पसरट पायांपेक्षा जास्त होईल. मग खालच्या थरापर्यंत पोचतील ते पुढचेच ठसे. म्हणजे असा माग सोडायला पाण्याची गरजच उरत नाही. ‘मागचे पाय कुठे गेले?’ असा प्रश्न पडला तर आधी थर तपासा, प्राण्याला पोहायला नंतर लावा.

वेगाच्या गणितात ढांग चुकवणं

१९७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर यांनी पाऊलखुणांवरून वेग काढायचं सूत्र दिलं. त्यात दोनच मापं लागतात. एक ढांग, म्हणजे डाव्या पायाच्या ठशापासून पुढच्या डाव्या ठशापर्यंतचं अंतर. दुसरं म्हणजे खुब्याची उंची, जी ढोबळमानाने ठशाच्या लांबीच्या चौपट धरतात. ४५ सेंटिमीटरचा ठसा असेल तर खुबा १.८ मीटरवर. ढांग २.६ मीटर असेल तर सूत्र सांगतं, ताशी सुमारे ७ किलोमीटर. ढांगेला खुब्याच्या उंचीने भागलं तर १.४ च्या आसपास येतं. हे उत्तर दोनच्या खाली असलं की प्राणी चालत होता असं समजायचं.

आता हमखास होणारी चूक. डाव्यापासून उजव्यापर्यंतचं अंतर मोजून तीच ढांग म्हणून भरली जाते. वरच्याच उदाहरणात १.३ मीटर भरले तर वेग निम्मा होत नाही, ताशी जेमतेम २ किलोमीटरवर येतो, कारण सूत्रात ढांगेचा घातांक १.६७ आहे. दुसरी चूक त्याहून छुपी असते. प्राणी चिखलात टाच टेकवत चालला तर टाचेमागचा भागही उमटतो. तोही लांबीत धरला आणि ४५ चे ६० सेंटिमीटर झाले, की खुबा उगाच उंचावतो आणि वेग ताशी ५ किलोमीटरवर घसरतो.

एवढं करूनही आकडा ‘अंदाज’च राहतो. मऊ चिखलात चाल बदलते, आणि सूत्र तयार झालं ते आजच्या प्राण्यांच्या निरीक्षणांवरून. म्हणूनच नीट लिहिलेल्या शोधनिबंधात एकच आकडा नसतो. स्पेनमधल्या ला रिओहा इथल्या धावत्या थेरोपॉडच्या एका मागासाठी २०२१ मध्ये दिलेला वेग ताशी ३१.७ ते ४४.६ किलोमीटर असा होता. बातमीत मात्र फक्त वरचा आकडा झळकतो. असे माग विरळाच. बहुतेक माग चालतानाचे आहेत, आणि ते साहजिक आहे. निसरड्या चिखलात कोण धावतं?

शेजारी ठसे म्हणजे कळप, मागोमाग ठसे म्हणजे पाठलाग

ओला गाळ काही तास, काही दिवस ठसे घेत राहतो. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी असेल तर सगळेच एका दिशेने जाणार, ओळख असो वा नसो. कळप म्हणायचा तर मागांमधलं अंतर सारखं हवं, एक वळला तिथे बाकीचेही वळलेले हवेत. क्रम कळतो तो ठशावर पडलेल्या ठशावरून. टेक्सासमधल्या डेव्हनपोर्ट रँचवर २३ सॉरोपॉडांचे माग आहेत. तिथे पिल्लं मध्ये आणि मोठे कडेने, असं लोभस चित्र कधी काळी रंगवलं गेलं होतं. बारकाईने पाहिल्यावर छोट्यांचे ठसे मोठ्यांच्या ठशांवर पडलेले दिसले. पिल्लं मागून चालली होती.

दोन किरकोळ गोष्टी. शंभर ठसे म्हणजे शंभर प्राणी नव्हे. आणि बोलिव्हियात सुक्रेजवळच्या कॅल ओर्कोच्या जवळजवळ उभ्या भिंतीवर हजारो ठसे असले तरी त्यावर कुणी चढलेलं नव्हतं. तो सपाट तळकाठ होता, भूकवचाच्या हालचालींनी नंतर उभा झाला.

भर दुपारी फोटो काढणं आणि नुसता उठाव पाहणं

ऊन डोक्यावर असताना उथळ ठसा फोटोत गायब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उजेडात काढा. पट्टी शेजारी ठेवा. वेगवेगळ्या कोनांतून बरेच फोटो घेतले तर त्यांवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती होते, म्हणून प्लास्टर ओतायची घाई नको. प्लास्टर काढताना ठशाच्या कडा निघून येतात. खडूने कडा गिरवणंही नको, कारण मग पुढच्या माणसाला ठसा दिसत नाही, तुमचं मत दिसतं.

आणि खोलगट दिसलं तेवढंच खरं, असं मानू नका. टेक्सासमधल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात माणसाच्या पावलांसारखे लांबट ठसे आहेत. डायनासोर आणि माणूस एकाच काळी होते, असा दावा त्यांच्या जोरावर कित्येक वर्षं चालला. १९३० च्या दशकातल्या महामंदीत काही जणांनी तर असे ठसे कोरून विकलेसुद्धा. नदीतले बरेचसे लांबट ठसे मात्र टाचेमागचा भाग टेकवून चाललेल्या थेरोपॉडचे होते. बोटांच्या खळग्यांत नंतर गाळ भरून कडक झाला होता, त्यामुळे हाताला लागायचं ते फक्त लांबट ‘पाऊल’. १९८० च्या दशकात त्या ठशांकडे पुन्हा नीट पाहिलं गेलं तेव्हा पुढच्या टोकाला खडकाचा रंग बदललेला होता, आणि त्या रंगाला तीन बोटांचा आकार होता.