ताम्हिणीला निघताय? आधी गल्लीचा विचार करा

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे ताम्हिणी घाट गाठायचा तर पुण्यातून पाचलाच निघावं लागतं. तेव्हा सोसायटी झोपेत असते. बाइक गेटपर्यंत ढकलत न्या, मगच स्टार्टर मारा. जागेवर रेस करून इंजिन तापवण्याची गरज नसते. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवलं की ते आपोआप तापतं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात हॉर्नला नियमानेच बंदी आहे. भूगाव, पिरंगुट, पौड ही गावं लागली की वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) कमी पिळून निघा, आवाज कमी होतो. मात्र इंजिन धडधडू लागलं तर एक गिअर खाली. आणि घोळक्याने जाऊ नका, तिघातिघांनी सुटा. मुळशीच्या पुढे वळणंच वळणं आहेत, हौस तिथे भागते. (सायलेन्सर मूळचाच बरा, बुलेटवाल्यांनो!)