दिव्यांगांना वापरता येईल असा कॉम्प्युटर मिळावा म्हणून लोकप्रतिनिधींकडे मागणी कशी करायची

कॉम्प्युटर वाटला की काम झालं असं बऱ्याच लोकप्रतिनिधींना मनापासून वाटतं, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, त्यांनी दिव्यांग माणसाला कॉम्प्युटर वापरताना कधी जवळून बघितलेलंच नसतं. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नसलेला कॉम्प्युटर ठेवला तर त्याचा त्याला काहीच उपयोग नाही, आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याला साधा माऊस म्हणजे बंद दारच. मी गेली काही वर्षं अशा मागण्या घेऊन जाणाऱ्या लोकांसोबत फिरतोय, निवेदनं लिहून देतो, भेटीला सोबत जातो. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

पायरी १ – नेमकं काय मागायचं ते आधी ठरवा

"दिव्यांगांना कॉम्प्युटर द्या" एवढंच लिहिलं तर साधे कॉम्प्युटर येतात, फोटो निघतात आणि ते कपाटात जातात. म्हणून आधी जे वापरणार आहेत त्यांच्यासोबत बसून कुणाला कशाची गरज आहे ते लिहून काढा. पूर्ण अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर लागतो, आणि तोही तिच्या भाषेत नीट बोलणारा. ब्रेल वाचणाऱ्याला ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं बोटांना लागणाऱ्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र. कमी दिसणाऱ्याला अक्षरं मोठी करणारं सॉफ्टवेअर आणि मोठी स्क्रीन. हात थरथरत असतील तर कीबोर्डवर बसवायचं भोकांचं झाकण येतं, त्याला कीगार्ड म्हणतात, त्यामुळे चुकून शेजारचं बटण दाबलं जात नाही, आणि माऊसऐवजी ट्रॅकबॉल. हात अजिबात चालत नसतील तर डोक्याच्या हालचालीवर चालणारा माऊस, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा आय ट्रॅकर, नाहीतर एकच मोठा स्विच. बोलता न येणाऱ्याला टाईप केलेलं मोठ्याने बोलून दाखवणारी सोय. ऐकू न येणाऱ्यांचं नाव अशा यादीत बरेचदा राहूनच जातं, त्यांना व्हिडिओखाली कॅप्शन पाहिजे असतात.

पण ही झाली फक्त वस्तूंची यादी. माझ्या मते खरी मागणी वस्तूच्या आजूबाजूच्या गोष्टींची असते. कुणाला कोणतं साधन जमेल हे तपासणारा जाणकार माणूस, ते शिकवणारा, बिघडलं तर दुरुस्त करणारा, काही वर्षांनी बदलून मिळण्याची सोय, आणि दुरुस्तीला गेलं तर तोपर्यंत वापरायला दुसरं. १९९३ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, २२७ दिव्यांग प्रौढांना त्यांच्या साधनांबद्दल विचारलं होतं, तर जवळपास २९ टक्के साधनं लोकांनी पूर्णपणे सोडून दिलेली निघाली. त्यात सापडलेलं एक मोठं कारण म्हणजे साधन निवडताना वापरणाऱ्याचं मतच घेतलं नव्हतं. हा आकडा लोकप्रतिनिधींना जरूर सांगा, कारण आपण दिलेल्या निधीतून काय उभं राहतं याची काळजी त्यांना असते.

पायरी २ – कायदा आहे का, नियम आहेत का, पैसे आहेत का

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र करतो म्हणून फसतो. कायदा असतो पण नियमावली नसते, नियमावली असते पण अर्थसंकल्पात तरतूद नसते. जायच्या आधी यातलं काय अडलंय ते शोधा, कारण तिन्हीसाठी वेगवेगळ्या माणसाकडे जावं लागतं.

नियमावली अडली की काय होतं याचं उदाहरण मी सगळीकडे सांगतो. अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला, त्याच्या कलम ५०४ मध्ये लिहिलं होतं की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही ठिकाणी दिव्यांगांशी भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला पण नियमांवर सही होईना, असं करत चार वर्षं गेली. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर लोक, त्यात व्हीलचेअर वापरणारे, अंध, बहिरे असे सगळे, सरकारी इमारतीत जाऊन बसले आणि जवळपास चार आठवडे हलले नाहीत. ज्युडिथ ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. २८ एप्रिलला सही झाली. तुम्हाला लगेच ठिय्या मांडा असं मी म्हणत नाहीये, पण कायदा मंजूर झाला म्हणून घरी जायचं नसतं हे यातून घ्या.

मग बघा की विषय कुणाच्या अखत्यारीत येतो. शाळेतला कॉम्प्युटर शिक्षण खात्याकडे, नोकरीतला कामगार खात्याकडे, साधनं आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याकडे, वेबसाईट आणि सॉफ्टवेअर माहिती तंत्रज्ञान खात्याकडे. प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. लोकप्रतिनिधीकडून पहिली मदत मागायची ती हीच, की या सगळ्यांना एका टेबलावर बसवा आणि जबाबदारी एकाच्या नावावर लिहा.

आणि फक्त आपल्या भागाच्या प्रतिनिधीवर थांबू नका. या विषयाची समिती असेल तर तिचे सदस्य कोण ते काढा, विरोधी बाकावरचे पण बघा. ज्याच्या घरात किंवा नात्यात कुणी दिव्यांग आहे असा माणूस सापडला तर तो पक्ष विसरून मदत करतो, असा माझा तरी अनुभव आहे.

पायरी ३ – बोलणार कोण

दिव्यांग व्यक्ती स्वतः. आईवडील, शिक्षक, संस्थेचे लोक सोबत असावेत, गरज लागली तर मदत करावी, पण मागणी मांडायची ज्याला वापरायचंय त्याने. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार आहे ना, सगळे सीआरपीडी म्हणतात तो, डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला, मे २००८ पासून लागू झाला आणि १८० पेक्षा जास्त देशांनी तो मान्य केलाय, त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांगांबद्दल धोरण ठरवताना त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करायची. म्हणजे बैठकीला बोलावणं हा उपकार नाही, ती सरकारने मान्य केलेली जबाबदारी आहे.

गट वेगवेगळ्या अपंगत्वाच्या लोकांचा असावा. फक्त अंधांची संघटना गेली की स्क्रीन रीडर मिळतो आणि बाकीचे राहतात, मग दुसरा गट आला की "आत्ताच तर दिलं" असं ऐकावं लागतं.

पायरी ४ – निवेदन

एक पान, फार तर दीड. वर एका वाक्यात मागणी, मग एका खऱ्या माणसाची अडचण (त्याची परवानगी घेऊन), मग कायद्याचा आधार, मग तारीख घालून विनंती. साधारण असं लिहिता येईल:

"आपल्या मतदारसंघातील दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यांच्या गरजेनुसार कॉम्प्युटर, सहाय्यक सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि दुरुस्ती मिळावी यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावी, यासाठी आपण सभागृहात प्रश्न विचारावा ही विनंती. साधन निवडताना वापरणाऱ्या व्यक्तीचे मत घेणे बंधनकारक असावे."

बघा, यात त्यांनी काय करायचं ते सरळ लिहिलंय. "आपण लक्ष घालावे" असं लिहिलं की उत्तरही "लक्ष घालतो" असंच येतं.

आधारासाठी आपल्या देशाचा कायदा आधी, मग करारातली कलमं: कलम ९ मध्ये माहिती आणि संपर्काच्या तंत्रज्ञानाची सुगम्यता (म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता येणं), कलम २६ मध्ये सहाय्यक साधनं उपलब्ध करून देणं आणि त्यांची माहिती पोचवणं. आकडा एकच द्या, पण पक्का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालात आहे की जगात २५० कोटींहून जास्त लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे (यात चष्मे, श्रवणयंत्रं, व्हीलचेअर सगळं आलं) आणि जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही. सोबत आपल्या भागातले मोजलेले लोक लिहा, अगदी ३७ असले तरी चालतील, ३७ नावांच्या मागे ३७ घरं असतात आणि ते लोकप्रतिनिधीला बरोबर समजतं.

एक चूक आमच्याकडून झालेली, तुम्ही करू नका. आम्ही निवेदन सही करून स्कॅन केलं आणि ईमेलने पाठवलं, नंतर आमच्याच गटातल्या अंध मैत्रिणीने सांगितलं की तिला ते वाचता येत नाहीये, कारण स्कॅन म्हणजे नुसतं चित्र आणि तिचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नव्हता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून टाईप केलेली फाईल वेगळी जोडतो.

पायरी ५ – भेट, आणि भेटीत दाखवणं

भेटीची वेळ पीएकडून घ्या, त्यांच्याशी नीट बोला, कारण निवेदन पुढे सरकवणारा माणूस तोच असतो. जागा वर जिन्याने असेल आणि गटात व्हीलचेअर असेल तर आधीच सांगा.

दहा मिनिटं मिळतील असं धरून चला, त्यातली पाच दाखवण्यात घालवा. माझा एक मित्र एकाच स्विचवर लिहितो, स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात, पाहिजे ती ओळ आली की तो डोकं हलवून स्विच दाबतो, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळतात, मग परत दाबतो, असं एक अक्षर. एका भेटीत त्याने समोरच्या प्रतिनिधींचं नाव लिहून दाखवलं, खोलीत कुणी काही बोललं नाही, सगळे स्क्रीनकडे बघत राहिले, आणि नाव पूर्ण झाल्यावर त्या बाईंनी स्वतः विचारलं की हा स्विच बिघडला तर तुम्ही काय करता. आम्हाला नेमकं तिथेच यायचं होतं. मित्राने लिहिलं, "गप्प बसतो."

भाषण देऊन हे होत नाही. म्हणून साधन सोबत न्या, चार्ज करून न्या, आवाज तपासून घ्या, आणि वापरणाऱ्याला घाई करू नका, त्याला जेवढा वेळ लागतो तो लागू दे, मध्येच त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. प्रश्न मदतनीसाकडे बघून विचारला गेला तर मदतनीसाने शांतपणे दिव्यांग व्यक्तीकडे बघावं, समोरच्याला कळतं.

पायरी ६ – जे ऐकावं लागेल त्याची तयारी

"मोबाईलमध्ये हे सगळं फुकट असतं की." अर्धं खरं आहे आणि ते मान्य करा. मोबाईलच कशाला, कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडरही मोफत आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने त्यावर काम सुरू केलं, आणि विंडोजमध्ये पण वाचून दाखवणारी सोय येतेच. पण ते शिकवणारा माणूस फुकट येत नाही, आणि सरकारी वेबसाईटच नीट बनवलेली नसेल तर कुठलाही स्क्रीन रीडर तिथे काही करू शकत नाही.

"मग ब्रेल डिस्प्ले एवढा महाग का?" कारण त्यात प्रत्येक अक्षरासाठी आठ बारीक टाचण्या वरखाली होतात आणि प्रत्येकीला वेगळी यंत्रणा लागते, चाळीस अक्षरांच्या डिस्प्लेत तशा ३२० झाल्या. हे सांगितलं की शंका जाते.

"पैसे नाहीत." इथे दोन गोष्टी मागा ज्यांना नवा पैसा कमी लागतो. एक म्हणजे सरकारी खरेदीची अट. अमेरिकेत त्याच १९७३ च्या कायद्यातल्या, १९९८ साली दुरुस्त झालेल्या कलम ५०८ खाली केंद्र सरकारच्या खात्यांना दिव्यांगांना वापरता येईल अशीच माहिती तंत्रज्ञानाची साधनं घ्यावी लागतात, आणि सरकार एवढा मोठा गिऱ्हाईक असल्यामुळे कंपन्या मुळातूनच तसं बनवायला लागतात. युरोपात तर २०१९ चा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यात बाजारात येणारे नवे कॉम्प्युटर पण येतात. दुसरी गोष्ट साधनांची पेढी, म्हणजे घ्यायच्या आधी वापरून बघायला मिळावं, थोड्या दिवसांसाठी उसनं मिळावं, आणि एकाला नको झालेलं साधन दुरुस्त करून दुसऱ्याला जावं. अमेरिकेच्या २००४ च्या सहाय्यक तंत्रज्ञान कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे. जे २९ टक्के मी वर सांगितले ना, ते कमी करायचा हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो, आणि तरी मागणीपत्रात हा क्वचितच असतो.

पायरी ७ – पाठपुरावा

निवेदनाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. दोन दिवसात आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात त्यांनी काय कबूल केलं ते त्यांच्याच शब्दात लिहा. तीन आठवड्यांनी फोन. अधिवेशनाआधी परत एकदा, कारण प्रश्न द्यायची मुदत असते आणि ती गेली की पुढचं अधिवेशन. नियमांचा मसुदा सूचना-हरकतींसाठी निघाला तर तो कितीही कंटाळवाणा असला तरी वाचा, "निधीच्या उपलब्धतेनुसार" असे शब्द तिथेच घुसतात आणि मग काहीच मिळत नाही, ते काढून टाका अशी लेखी हरकत द्या.

मंजुरी मिळाली, साधनं आली, तर सहा महिन्यांनी तीच यादी घेऊन घरोघरी जा. कोणतं चालू आहे, कोणतं बंद पडलंय, कुणाला शिकवायला कुणी आलंच नाही, ते लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन त्याच प्रतिनिधींकडे परत वेळ मागा.