खाली पिवळी, वर काळी: हाफ अँड हाफ

हाफ अँड हाफ म्हणजे एकाच ग्लासात बिअरचे दोन थर: खाली पिवळी लागर, वर काळी गिनेस. काळी बिअर जड असणार, असं सगळे धरून चालतात. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश काळी बिअर मात्र पेल एल किंवा नेहमीच्या लागर या फिक्या रंगाच्या बिअरपेक्षा हलकी असते, कारण तिच्यात आंबून उरलेली साखर कमी. म्हणून ती वर तरंगते. तिच्याऐवजी इम्पीरियल स्टाउट ही जास्त कडक काळी बिअर घेतलीत तर ती सरळ तळाला जाईल. खाली ‘लाइट’ बिअरही नको, ती पुरेशी जड नसते.

५६८ मिलीचा पाइंट ग्लास घ्या. लागर फ्रीजमधली, चांगली गार. निम्मा ग्लास भरा, शेवटी ग्लास सरळ धरून बोट-दीड बोट फेस येऊ द्या. हा फेसच वरची धार झेलतो. गिनेसचा कॅन लागरच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. गार द्रव जास्त जड, म्हणून खालचा थर गार हवा.

कॅन उघडल्यावर नायट्रोजनचा फेस उसळतो, तो जरा बसू द्या. मोठा चमचा पालथा, फेसाच्या अगदी जवळ धरा आणि त्याच्या पाठीवर करंगळीहून बारीक धार सोडा. ग्लास भरत जाईल तसा चमचा वर घ्या. खरी कसोटी पहिल्या शंभर मिलीची. तिथे घाई केली की सगळं एकसारखं तपकिरी. सीमारेषा थोडी धूसर दिसली तर चालतं, ढवळू नका.

आयर्लंडमध्ये याला ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणू नका. १९२०-२१ मध्ये तिथे अत्याचार करणाऱ्या ब्रिटिश दलाचं ते नाव.