हंगामाआधी आपला क्वार्टरबॅक कसा जोखावा

आपल्या संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जोखताना एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, सराव सामन्यांवर आशा किंवा धास्ती बांधू नका. तिथे बचावाचे डावपेच मुद्दाम साधे ठेवतात आणि मुख्य खेळाडू बरेचदा बाहेरच बसतात. गेल्या हंगामाचे आकडे काढा. एकूण पासिंग यार्डांत (पासने कमावलेले अंतर) त्याच्या पासवर झालेल्या प्रत्येक टचडाउनचे (गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन केलेली गुणनोंद) 20 मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) 45 वजा करा, सॅकमध्ये (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) गमावलेले यार्डही वजा करा. मग पासचे प्रयत्न अधिक सॅक यांच्या बेरजेने भागा. समजा 4000 यार्ड, 28 टचडाउन, 12 इंटरसेप्शन, सॅकमध्ये 240 यार्ड गेले, 560 प्रयत्न आणि 40 सॅक: उत्तर 6.3. साधारण 6 म्हणजे मध्यम, 7 च्या वर असेल तर निर्धास्त राहा.

फसगत होते ती इंटरसेप्शनच्या आकड्यात. रिसीव्हरच्या (पास झेलणारा खेळाडू) हाताला लागून उडालेला चेंडूही क्वार्टरबॅकच्याच नावावर चढतो, म्हणून ते पास चित्रफितीत एकेक करून बघाच. सॅकचा दोषही सगळा ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी खेळाडूंची फळी) नसतो. चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात रेंगाळत असेल तर चांगली लाइनही कोसळते.

मग याच लाइनमधले लेफ्ट टॅकल (डाव्या बाजूचा खेळाडू) व सेंटर (मधला खेळाडू) आणि आक्रमणाचा प्रशिक्षक बदललेत का तपासा. प्रशिक्षक नवा असेल तर हंगामातल्या 17 पैकी पहिल्या चार सामन्यांवरून निकाल देऊ नका.